मोगरीचा भाकरतुकडा

१० नोव्हेंबर, रविवार

आले बाई एकदाची लेकीच्या घरी. सोयगावहून निघालेली एसटी सिल्लोडला अशी बसली, जशी बाळंतीण माहेरी. कंडक्टरचा एक चहा झाला, मग दुसरा झाला, तरी गाडी हलेना. मांडीवर बाजरीच्या पिठाचा डबा, पायाशी लसणाची जुडी आणि तिळाची चटणी. रतन स्टँडवर गाडी घेऊन उभी होती. म्हणाली, आई, अख्खं घर उचलून आणलंस काय? मी म्हटलं, चूल तेवढी राहिली.

रतन म्हणजे माझी रत्नमाला. घोड्यांची डॉक्टर. नुसती सुई टोचणारी नव्हे, शोध लावणारी. चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्यापासून जरा आत त्यांचं केंद्र आहे. लांबलचक तबेला, त्याच्या शेजारी काचेच्या खिडक्यांची लॅब, आणि लिंबाच्या सावलीत दोन खोल्यांचं रतनचं घर. इतकी वर्षं ये म्हणत होती. यंदा गुडघ्यांनी मेंढरांमागं जायला साफ नकार दिला, तेव्हा म्हटलं, चला.

ही वही तिनंच दिली. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. रतन लहानपणी पाटीवर गिरवायची आणि मी तिचं बघून चुलीपुढं राखेत. अशी अक्षरं आली. म्हणून माझा 'क' अजून जरा राखेतलाच आहे.

१२ नोव्हेंबर

आज तबेला पाहिला. आत जायचं म्हणजे सोवळ्यापेक्षा कडक. चपला बदला, हात धुवा, औषधाच्या पाण्यातून पाय काढा. तिथला राखणदार साहेबराव हसून म्हणाला, मावशी, इथं घोड्यापरीस माणसालाच खरारा जास्त. मोठा गमत्या गडी आहे.

सगळ्यात शेवटच्या कप्प्यात मोगरी आहे. पांढरी घोडी, नाकावर गुलाबी ठिपका. ती शहरात, छावणी भागातल्या एका माणसाकडं लग्नाच्या वरातीला होती. दोन वर्षांमागं त्याच्या तबेल्यात ग्लँडर्स शिरला. नाकातून पू येतो, अंगावर गाठी उठतात आणि जनावर हातचं जातं, माणसालाही होतो. तिथली सगळी घोडी गेली. मोगरी त्यांच्याच हौदात पाणी पिऊन, त्यांच्याच दावणीचं खाऊन, शिंकलीसुद्धा नाही. कितीदा रक्त तपासलं, स्वच्छ. म्हणून रतननं तिला इथं आणलं. रोग तिला शिवलाच नाही, की शिवून परतला, तेच ती शोधतेय.

साहेबराव म्हणाला, ही घोडी नाय मावशी, मिरवणुकीची पाटलीण हाय. लई नखरे. डाव्या अंगानं कुणी हात उचलला की बिचकते, वरातीत तिकडून बत्त्यांचे खांब यायचे म्हणून. आणि झेंडूची माळ दिसली की नवरदेवाच्या गळ्यातली असली तरी ओढणार.

मी पुढं झाले तर पदर हुंगला आणि तोंड फिरवलं. मानी आहे. मला आवडली.

१५ नोव्हेंबर

रतन रात्रंदिन त्या लॅबमध्ये. जेवायला बोलावून आणावं लागतं. तिला बोलावं तर काय बोलावं? हे वेड कुठून लागलं ते मला ठाऊक आहे.

आमच्या मेंढरांच्या वाड्यावर सामान वाहायला तट्टं असायची. त्यातला काळ्या रतनचा. मी मेंढरांमागं चालायचे, रतन माझ्या पदराचं टोक दातात धरून माझ्यामागं आणि काळ्या तिच्यामागं. पदर दातात का, तर हात दोन्ही मोकळे पाहिजेत, एका हातात काठी, एका हातात बोरं. माझ्या एका लुगड्याचा पदर धड नव्हता. मग एक दिवस सरकारी डॉक्टर आले, तट्टांचं रक्त नेलं, आणि परत आले ते खड्डा खणायला माणसं घेऊन. काळ्या दिसायला ठणठणीत होता. तरी रक्तात रोग निघाला म्हणजे कायदा कायदाच, एकाच्या मायेपायी दुसरी शंभर घालवता येत नाहीत. इंजेक्शन दिलं, चुना टाकला. रतन रडली नाही. मला एवढंच विचारलं, की आई, रक्तात असं काय घालता येईल, की रोग आला तर तेच त्याला हाकलील?

त्या एका प्रश्नावर ती परभणीला शिकली, मग कुठं कुठं देश पालथे घातले, लग्नाचं वय कधी निघून गेलं ते तिला कळलंसुद्धा नाही. लोक मला विचारतात, लेक काय करते? मी सांगते, काळ्याला उत्तर शोधते.

१८ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं उरकली आणि माणसांची सुरू झाली. रस्त्याकडंच्या मंगल कार्यालयात आज परण्या निघाला, नवरदेवाची वरात. ताशा वाजला तशी मोगरीनं डावा पाय उचलला, ठेवला, उचलला, ठेवला. मान तालावर. रिकाम्या कप्प्यात, पाठीवर कुणी नाही, आणि ही एकटी नाचतेय. साहेबराव पोट धरून हसत होता. मलाही हसू आलं, पण मग का कोण जाणे, भरून आलं. ताशा थांबल्यावरही तिचा पाय बराच वेळ थांबेना.

२४ नोव्हेंबर

रतननं आज मला रक्त समजावलं. म्हणाली, रक्ताला आठवण असते, आई. एकदा भेटलेला रोग ते विसरत नाही, पुन्हा आला की ओळखतं. एकाच्या रक्तातली ही ओळख दुसऱ्याला उसनी देता येते का, ते मी बघते.

मी म्हटलं, म्हणजे रोड कोकराला तगड्या मेंढीपुढचं उष्टं घालतो तसंच ना? तगड्याची तब्येत रोडक्याला लागते. ती खळखळून हसली. तिच्यासोबत काम करणारा अभय म्हणून हुशार मुलगा आहे, त्यालाही हाक मारून सांगितलं. तो म्हणाला, मावशी, तुम्हाला एक व्याख्यान द्यायला लावू.

मग मी विचारलं, या घोडीचं एवढं घेता, तिला काय देता? रतन म्हणाली, खुराक देतो की. मी म्हटलं, खुराक चाकराला देतात. आमच्यात दिल्याशिवाय घेत नाहीत.

१ डिसेंबर

तपासणीला एक तांबडा घोडा आलाय, पार खंगलेला. वेगळा ठेवलाय. रतन तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे घालून त्याच्यापाशी जाते. काल तो फुरफुरला आणि तिच्या चष्म्याची बाजू निसटली. लगेच धुतलं म्हणते. मला म्हणाली, काही नाही होत. लेकीनं काही नाही म्हटलं की आईला सगळं ऐकू येतं.

४ डिसेंबर

रतनला ताप. तांबडा घोडा गेला.

शहरातले मोठे डॉक्टर पाहून गेले. गोळ्या, सलाईन. अभयनं धावपळ केली. रतनचं डोकं मांडीवर घेऊन बसले तर म्हणते, लांब बस आई, तुला होईल. मी म्हटलं, तुला नऊ महिने पोटात ठेवलं तेव्हा लांब बसले होते काय?

७ डिसेंबर, चंपाषष्ठी

ताप हटत नाही. काखेत गाठ आलीय. डॉक्टर म्हणतात औषधाला वेळ लागेल, धीर धरा. घरातला देव उपाशी कसा ठेवायचा, म्हणून भरीत-रोडगा केला, खंडोबाला नैवेद्य दाखवला. मग राहवेना. बाजरीची भाकर थापली आणि रतनवरून ओवाळली. इडापिडा टळो.

ओवाळलेला तुकडा शिवेबाहेर टाकायचा आणि मागं न बघता यायचं, हे मला चांगलं ठाऊक. पण निघाले तर वाटेत मोगरी मान बाहेर काढून उभी. मनात आलं, हिला कुठलाच रोग शिवत नाही. कितीक नवरदेवांवरून ओवाळलेलं हिनं रिचवलं असेल. हिला रिचेल. आणि इतकं रक्त घेतलं, तर सणाच्या दिवशी घरची भाकर तरी द्यावी.

तिनं अर्धी खाल्ली. अर्धी माझ्या हातात राहिली, तिच्या ओठांनी भिजलेली. टाकवेना. तगड्याचं उष्टं रोडक्याला. दुधात कुस्करून रतनला भरवली.

तिनं सगळी खाल्ली. चार दिवसांत पहिल्यांदा.

९ डिसेंबर

खंडोबा पावला! ताप उतरला. गाठसुद्धा बसतेय. डॉक्टर चकित. अभयच्या डोळ्यांत पाणी. मी दारावर झेंडूचं तोरण बांधलं. रतन अजून बोलत नाही. घसा सुजला असेल, येईल आवाज, म्हणाले.

फार टक लावून बघते. आजारातून उठलेलं माणूस बघतंच.

११ डिसेंबर

तोरण नाही. सकाळी पाहिलं तर नुसता दोरा, आणि रतन पायरीवर उभी. तोंडाच्या कडेला पिवळी पाकळी. मी म्हटलं, अगं रतन, हे काय? ती चावत राहिली. जबडा आडवा फिरवून, सावकाश.

आजारानंतर वासना फिरते. मला डोहाळ्यांत माती लागायची.

१२ डिसेंबर

दुपारी जेवणं झाल्यावर रतन खोलीत भिंतीकडं तोंड करून उभी. मला वाटलं भिंतीवर काही पाहतेय. जवळ गेले तर डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ सैल. झोपली होती. उभ्यानं. एका पायावरचा भार काढून.

केसांना तेल लावावं म्हणून डाव्या बाजूनं हात उचलला, आणि ती अशी बिचकली की भिंतीवर आदळली. नाकातून आवाज काढला. तो आवाज मी जन्मभर ऐकलाय. माणसाकडून नाही.

अभयला सांगितलं. म्हणाला, अशक्तपणा आहे मावशी, तुम्हीही झोपा जरा.

१३ डिसेंबर

मोगरीला ताप भरलाय. जिला कधी शिंक आली नाही तिला. साहेबराव कपाळ धरून बसलाय. रक्त पाठवलं.

मी तिच्या कप्प्यापाशी गेले नाही.

१४ डिसेंबर

आज कार्यालयात शेवटचं लग्न, पुढं धनुर्मास. परण्या निघाला. ताशा वाजला.

मी आधी तबेल्याकडं पाहिलं. मोगरी खाली मान घालून उभी. कानसुद्धा हलवला नाही.

मग मागं भांडं वाजलं. रतन स्वयंपाकघराच्या दारात. डावा पाय उचलत होती, ठेवत होती. उचलत होती, ठेवत होती. मान तालावर. चेहऱ्यावर काही नाही.

ताशा संपला. पाय थांबला नाही. दिवेलागणीपर्यंत ती फरशी वाजत होती. मी कानात पदराचे बोळे घातले.

१५ डिसेंबर

साहेबरावला विचारलं, छावणीत मोगरीला ओवाळलेली भाकर घालायचे का हो? तर तो आजवर हसणारा माणूस, हसला नाही. म्हणाला, व्हय, समदे घालायचे, पर तिचं उष्टं कुणी उचलायचं नाय. तिथंच पुरायचं. वळखीचं पोर एकदा खाऊन बसलं म्हणत्यात. पुढचं त्याला विचारलं तर उठून गेला.

मी काय केलं.

टाकायचं ते तोंडात घातलं. एका तोंडातून काढून दुसऱ्या तोंडात. दोन रीती होत्या, दोन्ही मायेच्या. एकात एक कालवायच्या नसतात, हे कोण सांगणार होतं? सांगणारी म्हातारी मीच.

१६ डिसेंबर

आज गेले मोगरीपाशी. देवाचं नाव घेत गेले.

नाकाला पू. काखेच्या जागी गाठ. तिथंच, जिथं रतनला होती. डोळे भरलेले. मी म्हटलं, मोगरे. हलली नाही. मग हळूच म्हटलं, रतन.

तिनं मान पुढं केली. माझ्या पदराचं टोक ओठांत धरलं. चावलं नाही, ओढलं नाही. नुसतं धरलं. मी दोन पावलं मागं सरले, ती दोन पावलं माझ्यामागं. कप्प्याचं लाकूड मध्ये आलं.

माझी लेक दावणीला बांधलेली आहे.

१७ डिसेंबर

मोगरीच्या रक्तात ग्लँडर्स. खात्रीला दुसऱ्यांदा तपासलं, तेच. सरकारी डॉक्टर शुक्रवारी दुपारी येणार. कायदा.

अभयला सगळं सांगितलं. हात जोडले. त्यानं मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, मावशी, मॅडम तर तुमच्यासमोर उभ्या आहेत. खिडकीत ती उभी होती खरी. काचेला ओठ लावून.

१८ डिसेंबर

उलटं करून पाहिलं. भाकर मोगरीवरून ओवाळली, अर्धी तिनं खाल्ली, समजूत असल्यासारखी. उष्टी अर्धी घेऊन घरातल्या तिच्यापाशी गेले. गोंजारलं. रतनचंच तोंड, गालावरचा तीळ तोच. म्हटलं, खा गं बाई, तुझं तुला घे, माझं मला दे.

दात आवळले. मी बोटांनी उघडायला गेले — हात झटकला. भाकर भिंतीला. मग माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. भीती होती. कोण परत जाईल दावणीला, बत्त्यांच्या खांबांत? तिनं कुठं मागितलं होतं हे? तिलाही बिचारीला मीच —

पुन्हा गेले. खाटेमागं उभी राहिली, थरथरत. नाही खायची. कधीच नाही.

१९ डिसेंबर

मागं जेसीबी आलाय. खड्डा. चुन्याची पोती उतरली.

मोगरी — रतन — त्या आवाजाकडं कान लावून. तिला माहीत आहे. हे तिनं लहानपणी पाहिलंय. मी पदर दिला. सबंध दुपार धरून होती.

झोप नाही. बसवत नाही, उभं राहवत नाही.

एक तोंड खात नाही. पण भाकर खाणारं घरात आणखी एक तोंड आहे —

२० डिसेंबर, शुक्रवार

भाकर झाली. एकच. डागही पडला नाही, फुगली.

रतन, हे तुझ्यासाठी. घाईत लिहिते, साहेबराव कप्पा उघडा ठेवणार आहे, त्यानं विचारलं नाही कशाला.

माझा उजवा गुडघा पावसाळी दिवशी धरतो, तिळाचं तेल कोमट करून लाव. डावीकडच्या दाढेनं चावू नकोस. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय, ओढू नको. लुगडं तुला नेसता येणार नाही, पाचवारी काढून खुंटीवर ठेवलीय. अंग म्हातारं आहे पण रोग नाही. मेंढरांमागं चाललेलं आहे, अजून दहा वर्षं सहज चालेल. तेवढ्यात तुझा शोध पुरा कर. काळ्याला उत्तर दे.

घरातल्या तिच्यावर हात उगारू नका. डावीकडून तर मुळीच नाही. झेंडू देत जा.

मी भीत नाही असं नाही. भीतेय. पण तुझ्या त्या रात्री, जन्मलीस तेव्हा, याहून जास्त भ्याले होते. लागलं तर लागलं तुझं उष्टं मला. गाडी आली वाटतं फाटकाशी. मी निघते —

हा हात माझा नाही कागदावर अक्षर लागत नाही

उभी आहे मी दोन पायांवर. तोंडात बाजरीची चव. माझ्यापुढं घोडी आहे, माझ्याकडं बघतेय, शांत. आई तू काय केलंस

ओरडतेय पण जीभ वळत नाही, नुसता फुरफुर आवाज येतो. तबेल्यातून घरापर्यंत आले या गुडघ्यांनी, वही घेतली. ते मला धरतायत, मावशी बसा म्हणतायत. लिहिता येतंय. तुझ्या हाताला सवय आहे. दाखवते त्यांना

अभय मी रत्नमाला. थांब. सुई भरू नका. वाचा हे. ती मोगरी नाही, ती माझी आ